तिसरा महिना संपण्याआधीची सोनोग्राफी: ती काय सांगते आणि काय सांगत नाही

आपल्याकडे एक जुना संकेत आहे. तीन महिने पूर्ण होईपर्यंत गोड बातमी कुणाला सांगायची नाही. नवराबायकोला माहीत असतं, फार तर आईला आणि सासूबाईंना. बाकी सगळे चौथ्या महिन्यात पेढे खातात. या संकेतामागे काळजी आहे, कारण गर्भपात व्हायचा असेल तर तो बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांतच होतो.

अडचण एवढीच की आपण गप्प बसायचे ठरवलेले हेच आठवडे बाळाच्या पहिल्या मोठ्या तपासणीचेही असतात. बातमी लपवता लपवता कधी डॉक्टरांकडे जाणंही पुढे ढकललं जातं. "अजून कुठे काय, चौथा लागला की दाखवू," असं म्हणेपर्यंत त्या तपासणीची वेळ निघून जाते, आणि ती परत येत नाही.

तुम्ही म्हैसूरसारख्या शहरात, माहेर-सासरपासून दूर राहत असाल तर ही शक्यता आणखी वाढते. नोकरीसाठी कोल्हापूर, पुणे किंवा सोलापूरहून तिकडे गेलेली कितीतरी मराठी जोडपी आहेत. बाळंतपण माहेरी करायचं म्हणून सातव्या महिन्यात गावी जायचं ठरलेलं असतं. पण गर्भातलं व्यंग शोधणाऱ्या महत्त्वाच्या तपासण्या त्याआधीच, परक्या भाषेच्या शहरात, दोघांनीच करायच्या असतात. तिथे दवाखान्यात तुम्हाला 'स्कॅनिंग' करून या म्हणतील. आपण जिला सोनोग्राफी म्हणतो, तीच ही. बाहेरचा फलक कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत आणि मनातली भीती मराठीत, अशी अवस्था होते. म्हणून ही तपासणी नेमकी काय आहे, हे आधीच समजून घेऊया.

आठवड्यांचा हिशोब

डॉक्टर गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येतं, तेव्हा हिशोबाने चार-पाच आठवडे झालेले असतात. घरात 'तिसरा लागला' म्हणतात तेव्हा साधारण नववा आठवडा सुरू असतो.

पहिली सोनोग्राफी बहुतेक डॉक्टर सहा ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान करायला सांगतात. गर्भ गर्भाशयातच आहे ना, ठोके सुरू झाले का, बाळ एक आहे की जुळी, आणि तारीख बरोबर आहे का, एवढं त्यात कळतं. व्यंग शोधण्याची तपासणी ही नव्हे.

ती तपासणी त्यानंतरची, ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतची. तिला 'एनटी स्कॅन' म्हणतात. हातात जेमतेम तीन आठवडे असतात. या काळात बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असते. रिपोर्टमध्ये ती 'सीआरएल' या नावाने लिहिलेली दिसेल. बाळ याहून लहान असेल तर डॉक्टर आठवड्याने परत बोलावतात. याहून मोठं झालं असेल तर हे माप घेऊन उपयोग नसतो. पाळी अनियमित असणाऱ्यांच्या तारखा हमखास चुकतात, म्हणून पहिली लवकरची सोनोग्राफी टाळू नका. पुढची तारीख तिच्यावरूनच ठरते.

त्या खोलीत काय पाहतात

पोटावर थंड जेल लावून डॉक्टर यंत्राचा दांडा फिरवतात. आवाजाच्या, पण कानाला ऐकू न येणाऱ्या लहरी आत जातात, आपटून परत येतात आणि पडद्यावर चित्र उमटतं. हा क्ष-किरण नव्हे. यात किरणोत्सर्ग नसतो. हे तंत्र प्रसूतिशास्त्रात आणण्याचं मोठं श्रेय ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड यांना जातं. त्यांचा पहिला गाजलेला शोधनिबंध १९५८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला होता. वैद्यकीय कारणासाठी, प्रशिक्षित हातांनी केलेली सोनोग्राफी सुरक्षित मानली जाते. केवळ हौसेखातर पुन्हा पुन्हा करू नये, एवढंच.

बाराव्या आठवड्यात बाळ आपल्या तर्जनीएवढंही नसतं. तरी चांगल्या यंत्रावर त्याच्या कवटीचा आकार, मेंदूचे दोन भाग, पोटाची भिंत, मूत्राशय, हात-पाय आणि हृदयाचे ठोके दिसतात. काही गंभीर व्यंगं या वयातच स्पष्ट होतात. कवटी तयारच न होणं, पोटाची भिंत उघडी राहून आतडी बाहेर असणं किंवा मूत्राशय प्रमाणाबाहेर फुगणं ही त्यांची उदाहरणं. जुळी असतील तर दोघांची वार एकच आहे की वेगळी, हेही याच काळात सर्वांत नीट कळतं. जुळ्यांची पुढची सगळी देखभाल त्यावर ठरते.

मानेमागचं पाणी

या तपासणीला जे नाव मिळालं, ते बाळाच्या मानेमागे त्वचेखाली साठलेल्या पाण्याच्या थरावरून. हा थर प्रत्येक बाळाला असतो, त्यामुळे 'मानेमागे पाणी दिसलं' हे ऐकून घाबरायचं कारण नाही. प्रश्न त्याच्या जाडीचा असतो. ती मिलिमीटरच्या दशांशात मोजतात. बाळ अचूक एका कुशीच्या बाजूने दिसावं लागतं, मान फार वाकलेली किंवा ताणलेली चालत नाही. म्हणून डॉक्टर कधी म्हणतात, "जरा बाहेर चालून या, काहीतरी खाऊन या." याचा अर्थ काही बिघडलंय असा नसतो. बाळाने कूस बदलावी, एवढ्यासाठीच ते सांगतात.

जाडी साधारण ३.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर डॉक्टर सावध होतात. गुणसूत्रांचा दोष, विशेषतः डाउन सिंड्रोम, किंवा हृदयाच्या रचनेतला दोष असण्याची शक्यता तेव्हा वाढलेली असते. जॉन लँगडन डाउन या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ साली या मुलांचं वर्णन करताना त्यांची त्वचा अंगाला सैल वाटते असं नोंदवलं होतं. ती निरीक्षणाची ओळ गर्भातल्या बाळाच्या मानेपर्यंत पोचायला सव्वाशे वर्षं लागली. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधले डॉक्टर किप्रोस निकोलाइडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली हे माप तपासणी म्हणून मांडलं, आणि पुढे ते जगभर वापरात आलं.

जाडी जास्त आली, पण गुणसूत्रं व्यवस्थित निघाली आणि पुढच्या सोनोग्राफीही नीट आल्या, तर बहुतेक बाळं निरोगी जन्मतात. हे वाक्य लक्षात ठेवा. रिपोर्ट हातात पडल्याच्या रात्री ते आठवायला हवं.

डबल मार्कर आणि तो एकास अमुक आकडा

एनटी स्कॅनसोबत आईच्या रक्ताची 'डबल मार्कर' चाचणी करतात. रक्तातल्या दोन घटकांचं प्रमाण, आईचं वय आणि मानेमागच्या थराची जाडी एकत्र करून संगणक एक आकडा काढतो, १:१२०० किंवा १:१८० असा. सगळ्यांत जास्त घबराट याच आकड्यामुळे होते, म्हणून तो नीट वाचायला शिका.

१:१८० म्हणजे तुमच्यासारखीच मापं असलेल्या १८० बायका उभ्या केल्या, तर त्यातल्या एकीच्या बाळाला तो दोष असेल आणि १७९ जणींच्या बाळांना नसेल. अनेक प्रयोगशाळा १:२५० च्या आतला आकडा आला की 'हाय रिस्क' असं लाल अक्षरात छापतात. ते लाल अक्षर म्हणजे निदान नव्हे. पुढची तपासणी करायची का, हा विचार करा, एवढंच ते सांगतं.

ही तपासणी चाळणीसारखी आहे. चाळणीची भोकं अशी ठेवलेली असतात की खडा निसटू नये. मग काही चांगले दाणेही वर अडकणारच. स्कॅन आणि रक्त मिळून केलेली ही तपासणी डाउन सिंड्रोमच्या दहापैकी साधारण नऊ बाळांकडे बोट दाखवते. पण त्यासाठी शंभरातल्या सुमारे पाच निरोगी गर्भांनाही 'हाय रिस्क' शिक्का बसतो. म्हणजे तो शिक्का मिळालेल्यांपैकी बहुसंख्य बायकांची बाळं ठीकच असतात. उलट बाजूही खरी आहे. 'लो रिस्क' म्हणजे धोका कमी. धोका शून्य, असा त्याचा अर्थ नाही.

वयाचाही गैरसमज आहे. आईचं वय वाढतं तशी डाउन सिंड्रोमची शक्यता वाढते हे खरं. विशीत ती साधारण दीड हजारात एक असते, ३५ व्या वर्षी साडेतीनशेत एक आणि चाळिशीत शंभरात एक. पण बहुतेक बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांनाच होतात. त्यामुळे डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्येही तरुण आयांची मुलंच संख्येने जास्त भरतात. 'मी तर सव्वीस वर्षांची, मला कशाला' हा हिशोब म्हणूनच चालत नाही.

आकडा जास्त आला तर

पुढे दोन वाटा असतात. पहिली 'एनआयपीटी'. आईच्या रक्तात बाळाकडच्या, म्हणजे वारेतून आलेल्या डीएनएचे तुकडे फिरत असतात. हे १९९७ साली डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. दहा आठवड्यांनंतर आईचं थोडं रक्त घेऊन ते तपासतात. डाउन सिंड्रोमसाठी ही तपासणी शंभरात नव्याण्णवच्या आसपास अचूक आहे. ती महाग असते आणि सगळे दोष शोधत नाही. आणि इतकी अचूक असली तरी तीही चाळणीच आहे.

दुसरी वाट पक्क्या निदानाची. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान वारेचा बारीक तुकडा सुईने घेतात. नाहीतर साधारण १६ व्या आठवड्यापासून बाळाभोवतीचं पाणी काढून तपासतात. गुणसूत्रं प्रत्यक्ष पाहून 'आहे' की 'नाही' हे उत्तर इथेच मिळतं. सुई टोचल्यामुळे गर्भपात होण्याची भीती सगळ्यांना वाटते. ती शक्यता असते, पण अनुभवी हातांत शंभरात एकापेक्षा कमी. प्राथमिक उत्तर काही दिवसांत येतं, सविस्तर उत्तराला दोन-तीन आठवडे लागू शकतात.

आता लवकर तपासण्याचा अर्थ कळेल. बाराव्या आठवड्यात शंका आली, तर पक्कं उत्तर मिळवायला, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला आणि दोघांनी शांतपणे बोलायला वेळ उरतो. हीच शंका विसाव्या आठवड्यात आली, तर प्रत्येक दिवस मोजावा लागतो.

मुंबईतलं २००८ चं प्रकरण

असे दिवस मोजावे लागणं म्हणजे काय, हे महाराष्ट्राने एकदा पाहिलं आहे. २००८ साली मुंबईतलं एक जोडपं आपल्या डॉक्टरांसह उच्च न्यायालयात गेलं. डॉक्टर होते निखिल दातार. गर्भाच्या हृदयात जन्मजात 'हार्ट ब्लॉक' असल्याचं कळलं, तोवर गर्भ २४ आठवड्यांच्या आसपास होता. १९७१ च्या गर्भपात कायद्यात तेव्हा मर्यादा होती २० आठवड्यांची. त्यापुढे आईच्या जिवाला धोका असेल तरच परवानगी मिळे. न्यायालयाने ऑगस्ट २००८ मध्ये परवानगी नाकारली. त्यानंतर काही दिवसांतच त्या आईचा गर्भपात आपोआप झाला.

त्या निकालावर देशभर चर्चा झाली. पण कायदा बदलायला २०२१ उजाडलं. आजची स्थिती अशी आहे. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांदरम्यान, गर्भात गंभीर व्यंग असेल तर दोन डॉक्टरांचं मत लागतं. २४ आठवड्यांनंतर, व्यंग गंभीर असल्यास वैद्यकीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो. मंडळाने तीन दिवसांत मत द्यावं आणि परवानगी दिली तर पाच दिवसांत प्रक्रिया पार पडावी, असं नियम सांगतात. सज्ञान स्त्रीला यासाठी फक्त स्वतःची संमती द्यावी लागते, नवऱ्याची किंवा सासरची नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

या प्रकरणातून आणखी एक गोष्ट शिकायची आहे. तो हृदयाचा दोष बाराव्या आठवड्यात सापडलाच असता असं नाही. काही दोष उशिराच दिसतात. म्हणून पहिली तपासणी चांगली आली तरी पुढची टाळायची नाही.

बाराव्या आठवड्यात न दिसणारं

मणक्यातली फट, ओठ-टाळू दुभंगणं, मूत्रपिंडाचे बरेच दोष, हृदयाच्या कप्प्यांमधलं लहान छिद्र आणि मेंदूच्या आतल्या काही रचना बहुतेक वेळा १८ ते २० आठवड्यांच्या 'अनॉमली स्कॅन'मध्ये कळतात. आपल्याकडे बायका तिला 'पाचव्या महिन्याची सोनोग्राफी' म्हणतात. तारीख आधीच घेऊन ठेवा. विसावा आठवडा उलटू देऊ नका. मानेमागचा थर जाड आला असेल, तुम्हाला आधीपासून मधुमेह असेल किंवा घरात कुणाला जन्मजात हृदयदोष असेल, तर बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी, म्हणजे 'फीटल इको', करून घ्यायला डॉक्टर सांगतील.

काही गोष्टी कुठल्याच सोनोग्राफीत दिसत नाहीत. बाळाला ऐकू येईल का, नजर कशी असेल, बुद्धी कशी असेल, ते स्वमग्न असेल का, याचं उत्तर पडद्यावर नसतं. ऐकण्याचंच उदाहरण घ्या. म्हैसूरमध्ये १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. कान आणि वाचा या विषयांतली ती देशातली अग्रगण्य संस्था. बहिरेपण जन्मानंतरच्या साध्या, न दुखणाऱ्या चाचणीने कळतं. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा संकेत जगभर पाळला जातो. तेव्हा 'सगळ्या सोनोग्राफी नॉर्मल होत्या' म्हणून जन्मानंतरच्या तपासण्या सोडू नका.

आणि व्यंग सापडणं म्हणजे सगळं संपणं, असंही नाही. दुभंगलेला ओठ शस्त्रक्रियेने जोडता येतो. वाकडं पाऊल जन्मानंतर लगेच प्लास्टर घालायला सुरुवात केली की बहुतेक वेळा सरळ होतं. पोटाच्या भिंतीतले काही दोष आणि हृदयाचे अनेक दोष शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात. आधी कळलं तर बाळंतपण लहान दवाखान्यात न करता बालशल्यचिकित्सक असलेल्या मोठ्या रुग्णालयात ठरवता येतं. माहेरी जायचं की नाही, गेलात तर कुठल्या शहरात, हे त्यावर ठरू शकतं.

मुलगा की मुलगी, हे विचारू नका

सोनोग्राफीआधी तुमच्याकडून 'फॉर्म एफ' भरून घेतात. बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, असं त्यात तुम्ही सहीनिशी सांगता. हा कागद उगाच आलेला नाही. गर्भलिंगतपासणीवर बंदी घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि २००३ साली तो आणखी कडक झाला. लिंग सांगणाऱ्या डॉक्टरांना तुरुंगवास होऊ शकतो आणि विचारणाऱ्या नातेवाइकांनाही. बाईवर तर घरच्यांनी दबाव आणला असणार, असंच कायदा गृहीत धरतो.

तरी हे थांबलेलं नाही. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यात, कर्नाटकच्या सीमेलगतच्या म्हैसाळ गावात १९ अर्भकं पुरलेली सापडली. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेंगळुरू पोलिसांनी एक टोळी पकडली. मंड्या जिल्ह्यात एका गुऱ्हाळात यंत्र ठेवून लिंगतपासणी आणि म्हैसूरमधल्या खासगी रुग्णालयात गर्भपात केले जात होते, असा पोलिसांचा आरोप होता. बाळाचं दुखणं शोधायला जे यंत्र बनलं, त्याच यंत्राचा हा वापर. त्यामुळेच सगळ्या केंद्रांवर नोंदणीची सक्ती आहे. केंद्राचं नोंदणी प्रमाणपत्र आणि 'इथे लिंगनिदान केलं जात नाही' हा फलक दर्शनी भागात लावलेला असायलाच हवा. तो दिसला नाही तर तिथून बाहेर पडा.

हे कुणाच्या चुकीने झालं नाही

रिपोर्टमध्ये काही निघालं की घरात शोध सुरू होतो. ग्रहणात सुरी धरली होती का? पपई खाल्ली का? स्कूटरवरून फिरली का? यातल्या कशानेही ओठ दुभंगत नाही किंवा गुणसूत्र वाढत नाही. डाउन सिंड्रोममध्ये बहुतेक वेळा बीज तयार होतानाच एक गुणसूत्र जास्तीचं येतं. ते कुणाच्या वागण्याने येत नाही. मोठी व्यंगं शंभरात दोन-तीन बाळांना असतातच, आणि ती बहुतेक वेळा कुठलंही कारण नसलेल्या घरांत येतात.

दोन गोष्टी मात्र हातात आहेत. पहिली म्हणजे फॉलिक ॲसिड. बाळाचा मणका आणि मेंदूची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच बंद होते. म्हणजे अनेकींना दिवस गेल्याचं कळतं, त्याच सुमारास. त्यामुळे ही गोळी गर्भधारणेच्या आधीपासून, डॉक्टर सांगतील त्या मात्रेत घ्यायला हवी. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल तर मात्रा बरीच जास्त लागते.

दुसरी म्हणजे नात्यातलं लग्न. आते-मामे भावंडांची लग्नं महाराष्ट्रात होतात आणि दक्षिण कर्नाटकात मामा-भाचीचंही लग्न होतं. अशा जोडप्यांत जन्मजात दोषांची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट असते. तरीही बहुतेकांना निरोगी मुलंच होतात. नातं असेल तर लाजू नका, पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा.

जाताना काय न्याल, काय विचाराल

शेवटच्या पाळीची तारीख लिहून ठेवा. पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, रक्ताचे रिपोर्ट आणि ओळखपत्र बरोबर घ्या. कर्नाटकात सरकारी नोंदणीनंतर 'तायी कार्ड' मिळतं. आपल्याकडच्या माता-बाल संरक्षण कार्डासारखंच ते असतं. पुढे माहेरी जाल तेव्हा ते आणि सगळी फाइल सोबत न्या. प्रत्येक रिपोर्टचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या. खर्चाची अडचण असेल तर म्हैसूरला मेडिकल कॉलेजशी जोडलेलं चेलुवांबा हे स्त्रिया आणि मुलांचं सरकारी रुग्णालय आहे. शिवाय २०१६ पासून देशभर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. पण ती मुख्यतः चौथ्या महिन्यापासून पुढे आहे. तिची वाट पाहत एनटी स्कॅनची मुदत जाऊ देऊ नका.

डॉक्टरांना हे प्रश्न विचारा:

• आज बाळ किती आठवडे, किती दिवसांचं आहे?
• मानेमागचा थर किती आला आणि या वयाला तो ठीक आहे का?
• नाकाचं हाड, पोटाची भिंत, मूत्राशय, हात-पाय दिसले का? काही नीट दिसलं नसेल तर पुन्हा कधी यायचं?
• डबल मार्करचा आकडा स्कॅनसोबत मिळून काढला आहे की फक्त रक्तावरून?
• आकडा जास्त असेल तर पुढची तपासणी कोणती, ती कधीपर्यंत करता येईल आणि खर्च किती?
• अनॉमली स्कॅनची तारीख कोणती घेऊ?

भाषा अडत असेल तर सरळ सांगा, "मला कन्नड येत नाही, हिंदीत किंवा इंग्रजीत सावकाश सांगाल का?" समजलं नाही तर परत विचारा. मान डोलावून घरी यायचं आणि रात्रभर मोबाइलवर शोधत बसायचं, यापेक्षा ते केव्हाही चांगलं. नवरोबांनो, ही तपासणी फक्त तिची नाही. त्या दिवशी रजा काढा आणि आत जाऊ दिलं तर आत जा. दोघांनी ऐकलं की एकाने विसरलेलं दुसऱ्याला आठवतं.

आणि घरातल्या मोठ्यांना एक विनंती. तीन महिने कुणाला सांगायचं नाही, हा संकेत पाळायचा तर जरूर पाळा. पेढे चौथ्या महिन्यात वाटा. पण डॉक्टरांना मात्र पाळी चुकल्याबरोबर सांगा, आणि फोनवर सुनेला किंवा लेकीला "खाल्लंस का?" विचारता तसं एकदा हेही विचारा, "बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीची तारीख घेतलीस का गं?"